थायरॉईडचा रिपोर्ट, खालचा बीपी आणि केसांची गोळी

शेवंती, सांगली

मला थायरॉईडची गोळी सुरू होऊन ११ वर्षं झाली. धाकटीच्या बाळंतपणानंतर वजन उतरेना, सारखी थंडी वाजायची, कातडी कोरडी पडली होती. तपासलं तेव्हा टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारा हार्मोन; थायरॉईड कमी पडलं की तो वाढतो, जास्त झालं की उतरतो) २२ निघाला आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी) भरपूर वाढलेलं. हाशिमोटो, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उठतं तो आजार. १०० मायक्रोग्रॅमवर गाडी बसली ती बसलीच. वर्षातून एकदा रक्त द्यायचं, टीएसएच दोनच्या आसपास यायचा, त्याच डोसची पुढची बाटली आणायची.

गेल्या वर्षी काय झालं ते सविस्तर लिहिते. त्यात माझे आठ महिने गेले आणि हे कुणाच्याही घरात होऊ शकतं.

मार्चच्या रिपोर्टमध्ये टीएसएच आला ०.१८ आणि फ्री टी४ (रक्तातला मोकळा थायरॉईड हार्मोन) रेंजच्या वर. म्हणजे गोळी जास्त होतेय. डॉक्टरांनी विचारलं, धडधडतं का? हात थरथरतात का? वजन उतरलं का? यातलं काहीही नव्हतं. पण कागद समोर होता. १०० ची ७५ झाली. दोन महिन्यांनी परत रक्त दिलं, ०.२६. मग ७५ ची ५० झाली.

पावसाळा लागला आणि माझं अंग जड पडायला लागलं. सकाळी डोळ्यांभोवती सूज, बोटातली अंगठी निघेना. मी शिक्षिका आहे, माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात मध्येच कठडा धरून थांबावं लागायचं. आवाज घोगरा झाला होता. मुलं विचारायची, बाई, सर्दी झाली का? ऑगस्टमध्ये शाळेतल्या आरोग्य शिबिरात बीपी निघाला १३८/१००. आठवडाभर घरी मोजला. वरचा आकडा १३० ते १४० च्या मधे, खालचा काही केल्या ९६ च्या खाली येईना. माझं वय ४३. आईला आणि बाबांना दोघांनाही बीपी, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. बीपीची गोळी सुरू झाली. कोलेस्टेरॉलही वाढलेलं होतं, त्याची वेगळी गोळी. तिने मांड्या इतक्या दुखायला लागल्या की पाटावर बसलं तर कुणीतरी हात देऊन उठवावं लागायचं.

ऑक्टोबरात नणंदेने जबरदस्तीने एका हार्मोनतज्ज्ञ बाईंकडे नेलं. घरात जी काही औषधं, गोळ्या, पावडरी घेता त्या सगळ्या पिशवीत घालून आणा, असं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. आधी त्यांनी मला खुर्चीवर गुडघे टेकून, पावलं बाहेर लोंबती ठेवून बसवलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोट्या हातोडीने टक्‌ केलं. पाऊल झटकन हललं, पण जागेवर परत यायला वेळ लावला. अगदी सावकाश, पाण्यात हलावं तसं. नणंदेलाही ते दिसलं. बाई म्हणाल्या, "तुमचं पाऊल सांगतंय थायरॉईड कमी आहे. कागद सांगतोय जास्त आहे. दोघांपैकी एक चुकतंय."

मग पिशवी टेबलावर ओतली. त्यांनी केसांच्या गोळ्यांची पट्टी उचलली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि माझ्यापुढे धरली. बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) १० मिलिग्रॅम. केस गळत होते म्हणून फेब्रुवारीपासून मी रोज एक घेत होते. ते औषध आहे असं कधी वाटलंच नाही, त्यामुळे कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

बायोटिनने थायरॉईडला काहीही होत नाही. घोळ होतो तो लॅबच्या मशीनमध्ये. बऱ्याच कंपन्यांच्या किटमध्ये हार्मोन पकडून ठेवायला बायोटिनचाच दुवा वापरलेला असतो. आपल्या रक्तात बायोटिन भरपूर असलं की ते त्या जागा अडवून बसतं. टीएसएच मोजण्याची पद्धत अशी की त्यामुळे आकडा खोटा कमी येतो, आणि फ्री टी४ ची पद्धत उलटी, म्हणून तो खोटा जास्त येतो. दोन्ही मिळून रिपोर्ट हुबेहूब गोळी जास्त झाल्यासारखा दिसतो. एकच आकडा बिघडला असता तर कुणाला तरी शंका आली असती.

१० दिवस केसांची गोळी बंद ठेवली आणि सकाळी थायरॉईडची गोळी घेण्याआधी रक्त दिलं. टीएसएच ३१. फ्री टी४ ०.६. रिपोर्ट हातात घेऊन मी लॅबच्या बाकावर रडले. आठ महिने मी आळशी झाले नव्हते, म्हातारी झाले नव्हते.

डोस टप्प्याटप्प्याने परत १०० वर नेला. जानेवारीत टीएसएच ५.२, मार्चमध्ये २.४. खालचा बीपी डिसेंबरात ९०, फेब्रुवारीत ८२. बीपीची गोळी डॉक्टरांनी आधी निम्मी केली आणि एप्रिलमध्ये थांबवली. कोलेस्टेरॉलही आपोआप उतरलं.

आता विचारायचं ते असं: तुम्ही रक्त गोळी घेऊन देता की घेण्याआधी? नेमक्या कुठल्या तपासण्या लागतात? आणि थायरॉईडमुळे बीपी वाढल्याचा अनुभव आणखी कुणाला आहे का?


काचपट्टी, नाशिक

शेवंतीताई, मी १६ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तुमचं लिखाण वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे येणाऱ्या माणसाला आम्ही नाव, वय, उपाशी आहात का एवढंच विचारतो. घरी जाऊन रक्त घेणाऱ्या मुलांना तर तेवढाही वेळ नसतो. तुमचा धागा वाचल्यापासून मी आमच्या फॉर्मवर पेनाने एक ओळ लिहायला लागले आहे: केस, नखं, त्वचा यासाठी काही घेता का?

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच बायोटिनबद्दल जाहीर इशारा दिला होता, आणि त्यात हार्ट अ‍ॅटॅकच्या ट्रोपोनिन तपासणीचाही उल्लेख होता. म्हणजे हा प्रश्न थायरॉईडपुरता नाही. साधारणपणे तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगतात, मोठा डोस असेल तर जास्त. रोजच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते मायक्रोग्रॅममध्ये असतं, त्याने सहसा बिघडत नाही. केसांच्या गोळ्यांमध्ये मिलिग्रॅममध्ये असतं. हजारपटीचा फरक आहे, तेव्हा पट्टीवरचं एकक नीट वाचा.

आता तपासण्या. लोक येऊन "थायरॉईड प्रोफाइल करा" म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्यात टोटल टी३ (टी४ सारखंच दुसरं थायरॉईड हार्मोन), टोटल टी४ आणि टीएसएच असतो. टोटल म्हणजे प्रथिनांना चिकटलेला आणि मोकळा, दोन्ही धरून. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी ती प्रथिनं वाढतात आणि टोटल आकडा उगाच फुगतो. गोळी चालू असलेल्या माणसाला टीएसएच आणि फ्री टी४ एवढं बहुतेक वेळा पुरतं. टी३ वर पैसे घालवू नका, या गोळीचा डोस ठरवताना त्याचा फारसा उपयोग होत नाही. अँटी-टीपीओ एकदा वाढलेलं निघालं की झालं. दरवर्षी ते परत करायला सांगणारी माणसं भेटतात, त्यांना कारण विचारा.

वेळेचं म्हणाल तर टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी चारला रक्त दिलंत तर दोन आकड्यांची तुलना कशी करणार? आणि गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी४ वर चढलेला असतो, म्हणून रक्त गोळीच्या आधी. शक्यतो लॅबही तीच ठेवा, कारण मशीन बदललं की रेंज बदलते.


भिजलेली_वाट, पुणे

म्हणजे सकाळी आठला रक्त देऊन मग गोळी घेतली तर चालेल? माझी तर पहाटे साडेपाचची सवय आहे.


शेवंती, सांगली

चालेल. मी तपासणीच्या दिवशी गोळी पर्समध्ये घेऊन जाते, रक्त दिलं की तिथेच पाण्याबरोबर घेते. या गोळीचा अंमल शरीरात आठवडाभर रेंगाळतो, दोन-अडीच तासांनी काही अडत नाही असं बाईंनी सांगितलंय.


खाडीकाठ, रत्नागिरी

आमच्या घरी याच्या बरोब्बर उलटं झालं. आई ७४ वर्षांची. तिला बऱ्याच वर्षांपासून १२५ चालू होती. मधल्या काळात तिचं वजन ६८ वरून ५६ वर आलं, गोळी मात्र १२५ च राहिली. चिठ्ठी दाखवून दुकानातून बाटली आणायची हेच चाललं होतं, दोन वर्षं रक्तच तपासलं नाही. ही चूक माझी, मी लांब नोकरीला होतो.

तिचा बीपी निघायचा १७२/६८. वरचा आकडा चढा, खालचा उतरलेला. बीपीच्या गोळ्या दोनाच्या तीन झाल्या. रात्री ती उठून बसायची, छातीत फडफडतंय म्हणायची. मी तिची नाडी धरली तर ठोक्यांना तालच नव्हता. दोन लागोपाठ, मग एक गायब, मग चार घाईने. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचा ताल बिघडलेला निघाला. टीएसएच ०.०३. तिच्या बाबतीत तो खराच कमी होता, केसांची गोळी वगैरे काही नव्हती. त्याआधी सहा महिने ती अंगणात साधी घसरली तर मनगट मोडलं होतं. जास्त थायरॉईडने हाडंही झिजतात हे तेव्हा कळलं.

आता तिला ७५ आहे, नाडी ठीक आहे, रक्त पातळ करायची गोळी मात्र चालूच आहे. एक सांगतो, नाडी अशी अनियमित असेल तर घरातल्या बॅटरीच्या मशीनवर भरवसा ठेवू नका, आकडे भलतेच येतात. डॉक्टरांनी तिचा बीपी कानाला स्टेथोस्कोप लावून, तीनदा मोजला.


दवा_नि_दुवा, अहिल्यानगर

मी डॉक्टर आहे, फिजिशियन. इथे कुणाचा डोस सांगणार नाही, कृपया विचारू नये. पण शेवंतीताई आणि खाडीकाठ यांच्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की बीपीचं सगळं उलगडतं, म्हणून लिहितो.

थायरॉईड हार्मोन रक्तवाहिन्यांना सैल ठेवतं. ते कमी पडलं की बारीक वाहिन्या आवळतात, भिंती ताठ होतात, आणि हृदय संथ चालतं. म्हणून वरचा आकडा फार न वाढता खालचा वाढतो. हार्मोन जास्त झालं की वाहिन्या सैलावतात आणि हृदय जोराने, घाईने रक्त फेकतं. वरचा चढतो, खालचा उतरतो, दोघांतलं अंतर रुंदावतं. चाळिशीच्या आसपास नव्याने खालचा आकडा वाढला, सोबत कोलेस्टेरॉल वाढलंय, माणूस सुस्त झालाय, तर बीपीची चिठ्ठी लिहिताना टीएसएच बघायला हवा. दरवेळी थायरॉईड निघेल असं नाही. बहुतेकांचा बीपी हा साधा बीपीच असतो आणि त्याची गोळी लागतेच. थायरॉईड सुधारेल या आशेवर बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

कोलेस्टेरॉलच्या गोळीने मांड्या दुखल्या, तेही याच्याशी जुळतं. थायरॉईड कमी असताना स्टॅटिन दिलं तर स्नायूंना त्रास व्हायची शक्यता वाढते. आधी थायरॉईड भरून काढलं तर कित्येकदा स्टॅटिन लागतच नाही.

आणि एक कळकळीची विनंती. डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत टीएसएच करू नका. या गोळीचं अर्धायुष्य (अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा काळ) सुमारे सात दिवसांचं, आणि टीएसएच त्याहून सावकाश हलतो. सहा ते आठ आठवडे थांबावंच लागतं. घाईने केलेल्या रिपोर्टवर डोस बदलत गेलात तर सगळं वर्ष हेलकावे खात जाईल.


तुळशीवृंदावन, ठाणे

डॉक्टर, सल्ला नको पण कळावं म्हणून विचारते. सासऱ्यांचा टीएसएच ६.८ आलाय, फ्री टी४ व्यवस्थित आहे. वय ७१. त्यांना काहीच त्रास नाही. लॅबच्या कागदावर लाल अक्षरात छापून आल्यापासून घरात सगळे हवालदिल आहेत.


दवा_नि_दुवा, अहिल्यानगर

लाल अक्षराला घाबरू नका. दोन-तीन महिन्यांनी परत करून बघतात, बऱ्याच जणांचा आपोआप खाली येतो. वयानुसार टीएसएच थोडा वर सरकतोच. २०१७ साली युरोपातल्या ७३७ वयस्कर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे ६५ च्या वरचे, टीएसएच असाच किंचित वाढलेला. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती साखरेची. वर्षाने लक्षणांत काही फरक नव्हता. १० च्या वर गेला तर गोष्ट वेगळी. घरात कुणी गरोदर असेल किंवा तसा विचार असेल तर तिच्या बाबतीत मात्र थांबायचं नाही, तिचे आकडे आणि तिची निकड वेगळी.


गोदातीर, बीड जिल्हा

या धाग्यात माझ्या मावशीचं लिहायलाच हवं, कारण तिचा टीएसएच नऊ वर्षं "नॉर्मल" येत होता.

तिसऱ्या बाळंतपणात तिला अतोनात रक्त गेलं. वाचली हेच नशीब असं सगळे म्हणाले. त्यानंतर तिला दूध आलं नाही. पाळी परत आली नाही. भुवया विरळ झाल्या, चेहरा मेणासारखा पांढरा पडला, उठून उभी राहिली की चक्कर यायची. वरचा बीपी ९० च्या आसपास. जिथे जाईल तिथे टीएसएच करायचे. २.१, १.८, २.६. थायरॉईड ठीक आहे, अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या. घरच्यांनी नंतर नंतर तिला कामचुकार म्हणायला सुरुवात केली. तिने ते नऊ वर्षं ऐकून घेतलं.

शेवटी छत्रपती संभाजीनगरला एका तरुण डॉक्टरने सगळी हकीकत बाळंतपणापासून विचारली आणि फ्री टी४ करायला लावला. तो तळाशी होता. तिच्या गळ्यातल्या ग्रंथीला काही झालंच नव्हतं. रक्तस्रावात मेंदूच्या तळाची पिट्युटरी मेली होती, आणि टीएसएच पाठवते ती पिट्युटरीच. हुकूम देणाराच नसेल तर टीएसएच वाढणार कुठून? याला शीहान सिंड्रोम म्हणतात. त्यांनी कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉईड) तपासून आधी स्टिरॉईड सुरू केलं, मगच थायरॉईडची गोळी. उलट क्रमाने दिलं असतं तर जिवावर बेतलं असतं, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं.

महिन्याभरात मावशी स्वतः विहिरीवरून घागर घेऊन आली. माझी आई दारात उभी राहून बघत होती, दोघी काही बोलल्या नाहीत.

बाळंतपणात खूप रक्त गेलेली, नंतर दूध न आलेली बाई तुमच्या नात्यात असेल तर नुसत्या टीएसएचवर समाधान मानू नका. तिचं निदान अजूनही होऊ शकतं, फक्त कुणीतरी विचारायला हवं.


टाईनकाठचा, न्यूकॅसल

गोदातीर, वाचून गलबलून आलं. मावशींना नमस्कार सांगा.

मी राहतो त्या इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्येच जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने १८९१ मध्ये मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ही जगातली पहिली थायरॉईड चिकित्सा मानतात. त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या, १९१९ पर्यंत. तेव्हा टीएसएच नव्हता, टी४ नव्हता. थायरॉक्सिन, म्हणजे टी४, वेगळं काढलं गेलं तेच १९१४ च्या नाताळात. मरेने चेहऱ्याची सूज, बोलण्याचा वेग, अंगाची ऊब बघून डोस सांभाळला. शेवंतीताईंच्या डॉक्टरांची हातोडी वाचताना मला तेच आठवलं.

इथलं सांगायचं तर आमच्याकडे बहुतेक वेळा आधी फक्त टीएसएच करतात, तो बिघडला तरच लॅब पुढे फ्री टी४ करते. बहुतेकांना ते पुरतं. पण गोदातीर यांच्या मावशींसारखी बाई त्या जाळीतून निसटेल, म्हणून हकीकत सांगून मागून घ्यावं लागतं.


भिजलेली_वाट, पुणे

आणखी एक शंका. मी साडेपाचला गोळी घेते आणि पावणेसहाला चहा. टीएसएच कधी ३, कधी ९. डोस तोच.


काचपट्टी, नाशिक

ताई, चहाच नडतोय बहुतेक. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. आणि लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीची पातळ औषधं यांच्यात चार तासांचं अंतर. सकाळचा चहा सुटत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घेणारेही आहेत, जेवण होऊन तीन तास झालेले असले म्हणजे झालं. आणि बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवू नका, ऊन आणि वाफ दोन्ही लागतं.


शेवंती, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. काचपट्टीताई, तुमच्या फॉर्मवरची ती ओळ वाचून खूप बरं वाटलं.

मी आता एक शंभरपानी वही केली आहे. डाव्या पानावर बीपी, उजव्या पानावर रक्त. रक्ताच्या प्रत्येक नोंदीपुढे किती वाजता दिलं, गोळीच्या आधी की नंतर, कुठली लॅब, तेव्हा आणखी काय चालू होतं हे लिहिते. बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड छातीच्या उंचीला, आधी अर्धा तास चहा नाही. पूर्वी मी शाळेतून आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी पट्टा बांधायची, ते आकडे आता खोडून टाकले आहेत.


तुळशीवृंदावन, ठाणे

सासऱ्यांचं ठरलं, दोन महिन्यांनी परत बघायचं. पण काल रात्री हा धागा मोठ्याने वाचून दाखवत होते तर जाऊबाई उठून आत गेल्या आणि त्यांच्या डब्यातली गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या. बायोटिन, ५ मिलिग्रॅम. पंधरवड्यापूर्वीच त्यांची ८८ ची ६२.५ केली आहे, टीएसएच ०.३ आला म्हणून. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करणार आहोत.


शेवंती, सांगली

पट्टी बरोबर घेऊनच जा, नुसतं नाव सांगू नका. रिपोर्ट आला की इथे लिहा, मी वाट बघते.